ट्रकचा उस्ताद : रॉन हॉर्नेडे



मागच्या भागानंतर जबलपूरहून एका ज्येष्ठ प्रेक्षकांचा निरोप आला. त्यांचं सगळं आयुष्य वाहन कारखान्यात गेलं. तिथे लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनायचे. ते लिहितात, “कर्नलसाहेब, तुम्ही लढायांवर बोलता, सेनापतींवर बोलता. आम्ही जन्मभर ट्रक बनवले. ट्रकवाल्या माणसाचा इतिहास कधी सांगणार?”

निरोप वाचला आणि जरा ओशाळलो. माझी स्वतःची नोकरी वाहतुकीतच गेली. रसद पोचवणं हेच आमचं काम. शक्तिमान आणि निसानच्या वन-टन गाड्यांच्या धुरात मी तरुणपण घालवलं. तरीही इतिहास सांगायला बसलो की मी चटकन सेनापतीकडे वळतो. आपल्या सगळ्यांचंच तसं होतं. वरच्या माणसाचा इतिहास लिहिला जातो. मधल्या पायरीवरच्या माणसाचा राहून जातो.

म्हणून आज एका ट्रकवाल्याची गोष्ट. ती अमेरिकेतली आहे आणि तो माणूस शर्यतीत ट्रक चालवायचा. नाव रॉन हॉर्नेडे, धाकटा. धाकटा अशासाठी की वडिलांचं नावही रॉन हॉर्नेडेच.

आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अमेरिकेत ‘स्टॉक कार’ नावाचा शर्यतीचा प्रकार आहे. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली, साधी गाडी. सुरुवातीला लोक खरंच बाजारातली गाडी घेऊन शर्यतीत उतरायचे. १९४८ साली फ्लोरिडातल्या डेटोना बीच इथे बिल फ्रान्स नावाच्या माणसाच्या पुढाकाराने या शर्यतींची एक संघटना उभी राहिली. तीच नॅस्कार. पुढे गाड्या बदलत गेल्या. आज बाहेरून त्या बाजारातल्या मोटारीसारख्या दिसतात, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि आठ सिलिंडरचं दणकट इंजिन असतं. बहुतेक शर्यती लंबगोल मैदानात होतात आणि गाड्या सतत डावीकडे वळत राहतात.

ऐकणाऱ्याला वाटतं, नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय मोठंसं? मलाही तसंच वाटायचं. पण तीस-पस्तीस गाड्या एकमेकींना जवळजवळ खेटून धावतात. टायर झिजत जातात, टाकीतलं पेट्रोल कमी होत जातं, तशी गाडीची चाल प्रत्येक फेरीला थोडी बदलते. पुढच्या गाडीने हवा कापली की मागच्या गाडीला सरळ रस्त्यावर फायदा मिळतो, पण वळणावर तिची पुढची चाकं हलकी पडतात. हे सगळं हातांना आणि पाठीला कळावं लागतं. लष्करात आम्ही म्हणायचो, गाडी कानाने आणि बुडाने चालवायची असते. तेच इथे.

या खेळात पायऱ्या आहेत. सर्वांत वर कप मालिका. पैसा तिथे, कीर्ती तिथे. तिच्याखाली दुसरी मालिका, तिचं नाव त्या काळी बुश मालिका होतं. आणि तिसरी ट्रकची. इथला ट्रक म्हणजे आपल्या महामार्गावरचा दहा चाकी मालट्रक नव्हे. पुढे केबिन, मागे उघडा हौदा, म्हणजे अमेरिकन शेतकरी आणि सुतार रोज वापरतात ती पिकअप. तिच्या आकाराचं कवच शर्यतीच्या सांगाड्यावर चढवायचं.

ही ट्रकची मालिका तशी नवीन. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गाड्या पळवणाऱ्या काही मंडळींनी १९९३ च्या सुमारास नॅस्कारकडे ही कल्पना मांडली. १९९४ साली डेटोनात नमुन्याचा ट्रक लोकांना दाखवला आणि ५ फेब्रुवारी १९९५ रोजी ॲरिझोनातल्या फिनिक्स इथे मालिकेची पहिली शर्यत झाली. ती माइक स्किनरने जिंकली. सुरुवातीला अनेक छोट्या मैदानांवर गाड्या थांबवून टायर बदलायची धड सोयही नव्हती. मग शर्यत अर्ध्यावर थांबवायचे, दहा मिनिटं विश्रांती, आणि पुन्हा सुरू. आपल्याकडे नाटकाला मध्यंतर असतं तसं.

अशा या तिसऱ्या पायरीवर रॉन हॉर्नेडे राजा झाला. पण तिथे पोचला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

जन्म २० जून १९५८, कॅलिफोर्नियातल्या पामडेल गावचा. वडील त्या किनाऱ्यावरचे नावाजलेले चालक. १९६३ आणि १९६४ अशी लागोपाठ दोन वर्षं पश्चिम किनाऱ्यावरच्या नॅस्कार मालिकेचं विजेतेपद त्यांच्याकडे होतं. घरात गाड्यांचं बाळकडू मिळालं, पण पैसा मिळाला नाही. कॅलिफोर्नियातला शर्यतवाला आणि नॅस्कारची पंढरी असलेलं नॉर्थ कॅरोलिना यांच्यामध्ये अख्खा खंड आडवा पसरलेला. कोल्हापूरच्या तालमीतल्या पोराने दिल्लीत जाऊन कुस्ती मारायची म्हटलं तर गाठीला जे लागतं, ते सगळं इथेही लागत होतं. ओळख, पैसा आणि कोणीतरी पाहणारा.

मुलगा आधी मोटरसायकल आणि छोट्या कार्ट पळवायचा, मग मोटारीत बसला. सॉगस नावाच्या छोट्या मैदानावर त्याने नाव कमावलं. १९९२ आणि १९९३ साली नॅस्कारच्या नैर्ऋत्य विभागाच्या मालिकेत तो विजेता ठरला. विभागीय विजेता म्हणजे जिल्ह्याचा पहिलवान. गावोगावी मान, पण देशाला पत्ता नाही. वय पस्तीस. या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात.

इथे नशिबाने दार वाजवलं, तेही टेलिफोनवरून.

हिवाळ्यात इतर ठिकाणी शर्यती बंद असत. तेव्हा ॲरिझोनातल्या टूसान इथल्या छोट्या मैदानावरच्या शर्यती दूरचित्रवाणीवर दाखवत असत. त्या घरबसल्या पाहणाऱ्यांत एक होता डेल अर्नहार्ट. हे नाव लक्षात ठेवा. कप मालिकेची सात विजेतेपदं, ७६ शर्यती जिंकलेला, आणि समोरच्याला धाक बसावा अशी चालवण्याची पद्धत. ट्रकची नवी मालिका सुरू होणार होती आणि अर्नहार्टला आपल्या संघासाठी चालक हवा होता. टूसानच्या पडद्यावर त्याला हा माणूस दिसला. त्याने फोन केला. हॉर्नेडेला वाटलं कोणी मित्र चेष्टा करतोय, आणि त्याने फोन ठेवून दिला. अर्नहार्टने पुन्हा केला. ही आठवण खुद्द हॉर्नेडेने पुढे अनेकदा सांगितली आहे.

१९९५ च्या पहिल्या मोसमात त्याने सहा शर्यती जिंकल्या आणि एकूण गुणांत तिसरा आला. १९९६ साली तो विजेता झाला. १९९८ साली पुन्हा.

१९९८ चा निकाल जरा थांबून पाहण्यासारखा आहे. दुसरा आलेला जॅक स्प्रेग फक्त तीन गुणांनी मागे राहिला. त्या वेळच्या पद्धतीत जिंकणाऱ्याला १७५ गुण मिळायचे, दुसऱ्याला १७०, आणि खाली फरक कमी कमी होत जायचा. एखाद्या शर्यतीत एक फेरी जरी आघाडीवर राहिलात तरी पाच गुण जादा. म्हणजे वर्षभर देशभर फिरून जे शेवटी ठरलं ते एका फेरीच्या आघाडीपेक्षाही कमी अंतराने ठरलं. म्हणून मी तरुण अधिकाऱ्यांना सांगायचो, कॉन्व्हॉयची पहिली गाडी वेळेवर निघाली की नाही याला महत्त्व आहे. तीन गुण कुठे गेले ते मोसमाच्या शेवटी शोधून सापडत नाहीत. ते मार्चमधल्या एखाद्या कंटाळवाण्या दुपारी गेलेले असतात.

आता या गोष्टीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग. शर्यत नव्हे. एक सोफा.

हॉर्नेडे कॅलिफोर्निया सोडून नॉर्थ कॅरोलिनात राहायला आला होता. त्याच्या मागोमाग पश्चिमेकडून आणखी तरुण पोरं नशीब काढायला येऊ लागली. हातात पैसा नाही, राहायला जागा नाही. हॉर्नेडे आणि त्याची पत्नी लिंडी यांनी घराचं दार उघडं ठेवलं. येणारा पोरगा सोफ्यावर झोपायचा, घरचं जेवायचा, रात्री गाड्यांच्या गप्पा ऐकायचा. पुढे या घराला लोक गमतीने ‘कॅम्प हॉर्नेडे’ म्हणू लागले.

पुण्यामुंबईत शिकायला आलेल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी माणसांचं आयुष्य कोणा काका-मावशीच्या एका खोलीच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी पसरलेल्या सतरंजीवर सुरू झालं. बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, दिल्लीत, जिथे जिथे मराठी माणूस नोकरीला गेला तिथे हेच झालं. त्या सतरंजीचा इतिहास कोणी लिहीत नाही.

हॉर्नेडेच्या सोफ्यावर झोपलेल्या पोरांपैकी दोन नावं सांगतो. एक केविन हार्विक. दुसरा जिमी जॉन्सन. हार्विक २०१४ साली कप मालिकेचा विजेता झाला. जॉन्सन २००६ ते २०१० लागोपाठ पाच वर्षं, मग २०१३ आणि २०१६, असा सात वेळा विजेता झाला. सात विजेतेपदं त्याच्याखेरीज फक्त दोघांच्या नावावर आहेत, रिचर्ड पेटी आणि तोच आपला डेल अर्नहार्ट.

आणि ज्याच्या घरात ही पोरं झोपली, तो?

त्यालाही वर जायचं होतं. कोणाला नसतं? २००० साली अर्नहार्टच्याच संघाकडून तो दुसऱ्या पायरीवर गेला. त्या वर्षी दोन शर्यती जिंकून पाचवा आला. वाईट नव्हतंच. पण २००१ साली अर्नहार्टच्या संघाने कप मालिकेत तिसरी गाडी उतरवली, तेव्हा ती मायकेल वॉल्ट्रिपला मिळाली. हॉर्नेडे दुसऱ्या मालकाकडे गेला. मालकही साधासुधा नव्हता. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत चार वेळा जिंकलेला ए. जे. फॉइट. पण गाडीत तेवढी ताकद नव्हती. वर्षभरात एकदाच हॉर्नेडे पहिल्या दहांत आला, लास वेगासला नववा. वर्ष संपलं आणि ती जागाही गेली.

त्याच वर्षी, १८ फेब्रुवारी २००१ रोजी, डेटोनाच्या शर्यतीतल्या शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टचा अपघाती मृत्यू झाला. शर्यत जिंकली त्याच्याच संघाच्या वॉल्ट्रिपने. ज्याने फोन करून हॉर्नेडेला वाळवंटातून उचललं होतं, तो माणूस गेला. अर्नहार्ट ज्या संघासाठी चालवायचा, त्या संघाने त्याच्या जागी कोणाला बसवलं? सोफ्यावरच्या केविन हार्विकला. आणि हार्विकने तिसऱ्याच शर्यतीत विजय मिळवला.

मित्रहो, इथे मी माझं थोडं सांगतो. फौजेत बढतीचा सुळका वर जाताना निमुळता होत जातो. खाली माणसं खूप, वर खुर्च्या थोड्या. एका टप्प्यावर यादी लागते. माझ्या वेळची यादी लागली तेव्हा माझं नाव तीत नव्हतं. माझ्या हाताखाली सुरुवात केलेला एक अधिकारी पुढे माझ्या वर गेला. कोणाची चूक नव्हती. पण त्या संध्याकाळी मेसमध्ये जायला माझे पाय जड झाले होते, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही. त्या दिवशी माणसापुढे दोन रस्ते असतात. आपल्याला डावललं असं म्हणत उरलेली वर्षं ढकलायची, नाहीतर हातात जे आहे ते नीट करायचं.

हॉर्नेडेने काय केलं ते बघा. काही वर्षं तो दुसऱ्या पायरीवर खेळला. त्या पायरीवर एकूण चार शर्यती जिंकला. मग २००५ साली पुन्हा ट्रककडे आला. वय सत्तेचाळीस. आणि नोकरी कोणी दिली? केविन हार्विकने. हार्विक आणि त्याच्या पत्नीने स्वतःचा ट्रकचा संघ काढला होता. एकेकाळी ज्याच्या सोफ्यावर झोपलो, त्याला मुख्य चालक म्हणून बोलावलं.

शिष्याच्या हाताखाली नोकरी करायची. आपल्याकडच्या किती माणसांना हे जमेल? वरकरणी हसून बरेच जण स्वीकारतील, पण पोटात काटा राहील. हॉर्नेडेच्या पोटात काय होतं ते मला माहीत असायचं कारण नाही. निकाल मात्र सगळ्यांसमोर आहेत. २००७ साली तो तिसऱ्यांदा विजेता झाला. २००८ साली जॉनी बेन्सनने त्याला सात गुणांनी मागे टाकलं. आणि २००९ साली वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी चौथं विजेतेपद. त्याच मोसमात त्याने लागोपाठ पाच शर्यती जिंकल्या. ट्रक मालिकेत तोवर असं कोणी केलं नव्हतं. चार विजेतेपदं तर त्या मालिकेत अजूनही दुसऱ्या कोणाकडे नाहीत.

एक जुळणी बघा. २००७ आणि २००९ या दोन्ही वर्षी वरच्या पायरीवर विजेता होता जिमी जॉन्सन आणि ट्रकमध्ये रॉन हॉर्नेडे. पाहुणा आणि यजमान, दोघे आपापल्या पायरीवर पहिले.

आपल्या देशाचा धागाही इथेच जुळतो. २०१० साली कोईमतूरचा नारायण कार्तिकेयन ट्रकच्या मालिकेत उतरला. फॉर्म्युला वनमध्ये गेलेला तो पहिला भारतीय, २००५ सालचा. नॅस्कारमध्येही तो पहिलाच. मार्टिन्सव्हिलच्या पहिल्या शर्यतीत तो तेरावा आला. त्या मोसमात तो मोजक्याच शर्यती खेळला. पण त्या वर्षी प्रेक्षकांच्या मतांनी निवडला जाणारा ‘सर्वांत लोकप्रिय चालक’ हा मान त्यालाच मिळाला. मतं इंटरनेटवरून द्यायची होती आणि आपली लोकसंख्या आपल्याला माहीतच आहे. त्याच मैदानावर, त्याच मोसमात बावन्न वर्षांचा हॉर्नेडे धावत होता. पुढे २०१४ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आपल्याकडेही ट्रकच्या शर्यती झाल्या. ते मात्र खरेखुरे मोठे ट्रक होते. पहिल्या दोन वर्षांत चालक परदेशातले, मग २०१६ पासून महामार्गावर ट्रक हाकणारे आपले चालक शिकवून तयार केले. जबलपूरच्या साहेबांना हे वाचून बरं वाटेल.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे नुसतं स्तोत्र होईल.

४ नोव्हेंबर २०११. टेक्सासचं मोठं मैदान. हॉर्नेडे पुन्हा विजेतेपदाच्या जवळ होता, मोसमाच्या थोड्याच शर्यती उरल्या होत्या. सुरुवातीच्याच फेऱ्यांत त्याचा आणि काईल बुशचा ट्रक एकमेकांना लागले आणि दोघेही भिंतीला घासले. पिवळा बावटा पडला. पिवळा बावटा म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून रांगेत चालायचं. त्या पिवळ्या बावट्याखाली बुशने मागून हॉर्नेडेचा ट्रक ढकलत नेला आणि भिंतीवर आदळला. हॉर्नेडेच्या विजेतेपदाच्या आशा तिथेच संपल्या. सुदैवाने जिवावर बेतलं नाही. नॅस्कारने बुशला त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यतींत उतरूच दिलं नाही. त्यात कप मालिकेची शर्यतही होती. वर ५०,००० डॉलरचा दंड. सगळ्यांची सहानुभूती हॉर्नेडेकडे गेली आणि ते योग्यच होतं. त्याच वर्षाअखेर हार्विकचा संघही बंद झाला.

पण पुढचं ऐका. १४ एप्रिल २०१३, रॉकिंगहॅम. हॉर्नेडे चौपन्न वर्षांचा, वेगळ्या संघात. डॅरेल वॉलेस नावाचा एकोणीस वर्षांचा नवखा मुलगा. शर्यतीत दोघांची घासाघीस झाली, पिवळा बावटा पडला, आणि त्या बावट्याखाली हॉर्नेडेने वॉलेसचा ट्रक भिंतीवर आदळवला. जे दीड वर्षापूर्वी त्याच्याबाबत झालं होतं, तेच. नॅस्कारने त्याला २५,००० डॉलर दंड केला आणि २५ गुण कापले.

हे प्रकरण वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलो. ज्याने पोरांना घरात ठेवलं, शिष्याच्या हाताखाली आनंदाने काम केलं, तोच माणूस एकोणीस वर्षांच्या पोरावर ट्रक घालतो. मग यातला खरा हॉर्नेडे कोणता?

माझं उत्तर असं, की दोन्ही. फौजेत पस्तीसेक वर्षं माणसं जवळून पाहिली. चांगला माणूस म्हणजे ज्याच्या हातून वाईट घडत नाही असा नव्हे. वय वाढतं, वेग हातातून निसटत जातो, मागून येणारी पोरं न घाबरता घुसतात आणि एखाद्या क्षणी आतला संताप हातातल्या स्टिअरिंगमध्ये उतरतो. माझ्याकडूनही एकदा एका तरुण लेफ्टनंटचा सर्वांसमोर असा पाणउतारा झाला होता, की आज आठवलं तरी मान खाली जाते. तो मुलगा बरोबर होता. माझ्या नावाची यादी नुकतीच लागलेली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. इतिहास सांगताना आपण माणसाला देव्हाऱ्यात बसवतो, नाहीतर खाली खेचतो. दोन्हींत काही शिकायला मिळत नाही.

२०१४ हे त्याचं ट्रकमधलं शेवटचं वर्ष. मोसम संपायच्या आत संघच मोडला. एकूण हिशेब ३६० शर्यती आणि ५१ विजय. हा ५१ चा विक्रम बरीच वर्षं टिकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो मोडला. कोणी मोडला, ते ऐका. काईल बुशने. टेक्सासला मागून ढकलणारा तोच.

पण त्याच्या आधीच, जानेवारी २०१८ मध्ये, नॅस्कारने रॉन हॉर्नेडेला आपल्या कीर्तिमंदिरात बसवलं होतं. ज्याची कारकीर्द मुख्यतः ट्रकमध्ये घडली असा तिथे मान मिळालेला हा पहिला चालक. तोवर तिथे बहुतेक सगळे वरच्या पायरीचे सरदार. त्यांच्या रांगेत हा तिसऱ्या पायरीचा माणूस जाऊन बसला.

मी वाहतुकीच्या कंपनीत नवीन होतो तेव्हा आमच्याकडे गाडी शिकवणारे एक उस्ताद होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, मग तो हवालदार का असेना. पोरगा रिव्हर्स घेताना चुकला तर हे ओरडायचे नाहीत. खाली उतरून मागच्या चाकापाशी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “आता घे. मी इथे आहे.” स्वतःच्या उस्तादाचा पाय चाकाखाली जाईल या भीतीने पोरगा असा जपून रिव्हर्स घ्यायचा की जन्मभर विसरायचा नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी काही जण सुभेदार मेजर झाले. ते स्वतः नायब सुभेदार म्हणून घरी गेले. त्यांच्या निरोपाच्या दिवशी त्यांच्यापेक्षा मोठ्या हुद्द्याची माणसं त्यांची ट्रंक उचलून गाडीत ठेवायला भांडत होती. मी पाहिलंय.

त्या वेळी मला वाटलं होतं, बिचारे, वर गेले असते तर बरं झालं असतं. आज तसं वाटत नाही. वर जाणारे जातीलच. त्यांना पहिल्या रात्री झोपायला जागा कोणी दिली, चाकामागे कोण उभं राहिलं, हे विचारायला हवं. हॉर्नेडेला कप मालिकेत विजय मिळाला नाही, हे खरं. पण तिथली आठ विजेतेपदं, सात जॉन्सनची आणि एक हार्विकचं, कधीकाळी त्याच्या घरात सोफ्यावर झोपली होती. हा हिशेब गुणतक्त्यात मावत नाही. म्हणून तो आपण इथे मांडला.

जबलपूरचे साहेब, तुमचा प्रश्न होता, ट्रकवाल्याचा इतिहास कधी सांगणार? घ्या, सांगितला. आता एक काम तुमच्याकडे, आणि सगळ्याच प्रेक्षकांकडे. तुमच्या आयुष्यात अशी सतरंजी पसरणारा कोणी असेल, काका, मावशी, घरमालक, कारखान्यातला जुना मिस्त्री, आणि ते अजून हयात असतील, तर आज संध्याकाळी त्यांना एक फोन करा. त्यांना आधी वाटेल, कोणी चेष्टा करतोय. फोन ठेवून देतील. पुन्हा करा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.